पायरीवरची टोपली

रिसॉर्टवर त्याला सगळे चलाहो म्हणत. हे काही नाव नव्हे, पण एकदा चिकटलं ते चिकटलंच. रोज तिन्हीसांजेला तो हातातली काठी कॉटेजच्या पायरीवर दोनदा आपटायचा आणि आत काम करणाऱ्या बायकांना हाक द्यायचा, "चला हो!" शहरातून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचं नावच ते असणार. मग तेही लाडानं म्हणायचे, "चलाहो काका, गरम पाण्याचं जरा बघा ना." गरम पाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो राखणदार होता.

रिसॉर्ट भर जंगलात. मोठ्या रस्त्यापासून आत कच्ची वाट, वाटेच्या शेवटी फाटक, फाटकाच्या आत ऑफिस आणि जेवणाची खोली, आणि तिथून झाडीत शिरणारी एक दगडी पायवाट. पायवाटेच्या कडेनं लाकडी कॉटेजं, एकमेकांपासून मुद्दाम लांब बांधलेली, कारण पाहुण्यांना एकांत हवा असतो. दोन दिवसांसाठी येतात बिचारे, आणि तेवढ्यात त्यांना आयुष्यभराची शांतता उरकून घ्यायची असते. आल्या आल्या म्हणतात, "काय शांत आहे नाही!" आणि अंधार पडल्यावर छपरावर वाळकं पान पडलं की ऑफिसला फोन करतात.

या एकांताचा भुर्दंड मात्र झाडलोट करणाऱ्या बायकांच्या माथी. म्हणून तिथे एक रीत होती. बायका जोडीनं काम करत. एवढ्या रुंद पलंगावर चादर घालायची तर दोन्ही बाजूंना माणूस लागतं. एका जोडीला एक टोपली, धुतलेल्या चादरींची. कॉटेजात शिरताना टोपली बाहेर पायरीवर ठेवायची. पायरीवर टोपली म्हणजे बाई आत आहे. काम संपलं की टोपली उचलायची. ऊन असेपर्यंत बायका आपल्या आपण परतत. पण ऊन उतरलं की बिबट्या ओढ्यावर पाण्याला यायचा. तेव्हा राखणदारानं हाक दिल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा नेम होता. चलाहो चक्कर मारायचा, टोपली दिसेल तिथे थांबायचा, आणि बायकांना पुढे घालून स्वतः मागे चालायचा. जनावर पाठीमागून येतं, म्हणून राखणदार मागे. जिथे टोपली नाही तिथे थांबायचं कारणच नाही. शेंबड्या पोरालाही कळावी इतकी सोपी रीत.

मालक मोठा हौशी. त्यानं कॉटेजांना पक्ष्यांची नावं दिली होती. मोर, राघू, कोकीळ इथवर ठीक होतं. पुढे त्याच्या ओळखीचे पक्षी संपले असावेत, कारण ओढ्याकाठच्या शेवटच्या कॉटेजाला त्यानं घुबड म्हणून टाकलं. "आम्ही घुबडात उतरलोय" असं घरी फोन करून सांगायला कुणाला आवडणार? तरी काही वर्षं तिथे पाहुणे राहिले. मग कुरकुर सुरू झाली, आणि ती नावाबद्दल नव्हती. "तुमच्या बाई दार न वाजवता आत येतात." "आम्ही फिरून आलो तर चादर एकाच बाजूनं खोचलेली. दुसरी बाजू काय आम्ही खोचायची?" मॅनेजरनं बायकांना फैलावर घेतलं, बायकांनी कानावर हात ठेवले. शेवटी घुबडाला कुलूप लागलं. आता तिथे मोडक्या खुर्च्या, कुजक्या गाद्या आणि बंद पडलेले पंखे ठेवतात.

चलाहोची बायको गेली ती या घुबडातूनच, ही कुरकुर सुरू व्हायच्या आधी. आता 'गेली' म्हणजे नक्की काय, हाच तर सगळा वांधा होता.

तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची जाऊ, म्हणजे चलाहोच्या मोठ्या भावाची बायको, तिच्याच जोडीला काम करायची. ती थोरली. थोरली पलंगाच्या डावीकडे, धाकटी उजवीकडे. थोरली मुकाट काम करणारी. धाकटीच्या तोंडाला मात्र दम नव्हता. चादर हवेत असायची तेव्हाही तिची गोष्ट चालूच. पण हात असा स्वच्छ, की तिनं दुमडलेला चादरीचा कोपरा लखोट्यासारखा दिसायचा. सवयच होती तिची, कोपरा घातला की वरून तळहात फिरवायचा आणि स्वतःशीच 'हं' म्हणायचं.

त्या संध्याकाळी चलाहो चक्कर मारत खाली आला तेव्हा घुबडाच्या पायरीवर टोपली नव्हती. तो थांबला नाही. नोकरांच्या खोल्यांशी पोचला तर थोरली होती, टोपली होती, त्याची लहानगी मुलगी चटईवर झोपलेली होती, आणि धाकटी नव्हती. थोरली म्हणाली, "बरोबरच निघालो की. माझ्या मागंच होती." मग एकच धावपळ उडाली. कुणीतरी म्हणालं, खाली घुबडात बघून येऊ. तेव्हा चलाहोनंच सांगितलं, "टोपली नव्हती." झालं. त्याच्या या एका वाक्यावर सगळे कंदील आणि बॅटऱ्या मोठ्या रस्त्याकडे वळल्या. ओढ्याच्या बाजूला कुणी फिरकलं नाही, आणि रात्री धो धो पाऊस पडून गेला.

त्याच संध्याकाळी एक पाहुणा ठरल्याआधीच गाडी काढून निघून गेला होता. पोटात दुखत असेल बिचाऱ्याच्या, कुणी सांगावं. पण लोकांना तेवढं पुरलं. महिन्याभरात त्या गाडीत धाकटी बसली, पुढच्या सीटवर बसली, हसत बसली, इथवर तिखटमीठ लावून झालं होतं.

मेलेल्या बायकोसाठी माणसाला रडता तरी येतं. पळून गेलेलीसाठी काय करायचं? चलाहोनं रडायचं तेवढं एकदाच रडून घेतलं, मग तिचे कपडे वाटून टाकले, आणि घरात 'आई' हा शब्द बंद केला. मुलीला थोरलीनं वाढवलं. मुलगी लहानपणी एकदा म्हणाली, "बाबा, माझी आई..." त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. वर्षं गेली. मोठा भाऊ आजारपणात वारला. मुलगी लग्न होऊन शहरात गेली आणि आता तिला दिवस गेले होते. ती रोज फोन करायची, "बाबा, आता पुरे झालं जंगल. या इकडे." हंगाम संपला की जायचं असं त्यानं कबूल केलं होतं. पिशवी भरायलाही घेतली होती. त्याला एवढंच हवं होतं, की ती का गेली हा प्रश्न इथेच टाकून निघता यावं. नातवंडाला मांडीवर घेताना तरी मनात तो काटा नको.

आणि नेमकी तेव्हाच घुबडाच्या पायरीवर टोपली दिसायला लागली.

पहिल्यांदा त्याला वाटलं, डोळ्यांवर झापड आली असेल. उजेड असा होता की झाडं आणि सावल्या वेगळ्या काढता येत नव्हत्या. पण टोपली होती. आता बायकांकडे प्लास्टिकच्या टोपल्या असत, लाल नाहीतर हिरव्या. ही वेताची होती. कडीला निळ्या चादरीची चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी त्याच्या डोळ्यांदेखत धाकटीनं गुंडाळली होती. वेताचं कुसळ बोटात गेलं म्हणून. दाराला कुलूप होतं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना ओळीनं उभं करून झापलं. कुणाला थट्टा सुचतेय?  एक म्हणाली, "आम्ही तिकडे दिवसासुद्धा जात नाही, थट्टा करायला कोण जाईल?" मॅनेजर पोरसवदा होता. तो हसला. "काका, तुम्हाला खरंच सुट्टीची गरज आहे," म्हणाला.

चलाहोनं मग स्वतः कुलूप उघडलं, उघड्या दारातूनच टोपली आत गाद्यांच्या ढिगामागे फेकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दिवसभर ती किल्ली त्याला टोचत राहिली. संध्याकाळी टोपली पायरीवर होती. या वेळी तिच्यात घडी केलेली एक चादर होती. त्यानं हात लावला, तर चादर गार होती, ओढ्यात नुकतीच बुचकळून पिळल्यासारखी.

त्यानं काठी उचलली. हात सवयीनं पायरीकडे गेलाही होता. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं काठी काखेत मारली आणि तो पुढे चालू लागला. टोपली दिसूनही न थांबण्याची त्याची आयुष्यातली ही पहिलीच खेप. रातकिडे चालू होते ते एकाएकी गप्प झाले. मागे, बंद दाराच्या आत, कुणीतरी कडीवर हात ठेवावा तसा बारीकसा आवाज झाला आणि थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. "आता आठवण झाली होय?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, आणि झपाझप पावलं उचलत वर आला.

असे तो काही संध्याकाळी तिला ओलांडून गेला. टोपली असायची, तो जायचा. दारामागचा आवाज रोज थोडा जवळ यायचा, म्हणजे दाराला नाक लावून कुणी उभं असावं इतका जवळ. ताटात भाकरी उरायला लागली. थोरली विचारायची, "भावजी, बरं वाटत नाही का?" तो म्हणायचा, "काही नाही."

त्या आठवड्यात मोर कॉटेजात एक प्रौढ जोडपं उतरलं होतं. नवरा गळ्यात दुर्बीण अडकवून पक्ष्यांच्या मागे, आणि बाई नवऱ्याच्या मागे, त्याची टोपी सांभाळत. बाई मोकळ्या स्वभावाची. सकाळी चहाच्या वेळी तिनं चलाहोला थांबवलं.

"काका, तुमच्यावर जरा रागावायचंय मला."

"काय झालं, बाई?"

"काल आम्ही ओढ्याकडून येत होतो. यांचा कुठलातरी पक्षी बसला होता तिकडे, त्यामुळे उशीर झाला. त्या शेवटच्या कॉटेजाच्या दारात तुमच्याकडची एक बाई उभी होती. एकटी. किती अंधारून आलं होतं! मी म्हटलं, चला आमच्याबरोबर. तर म्हणाली, नको, आमचे येतील न्यायला."

चलाहोनं हातातला कप खाली ठेवला. 

"मी म्हटलं, अहो, कधी येणार? तर म्हणाली, हाक दिल्याशिवाय निघायचं नसतं. आणि हसली. गोड आहे हो, बोलकी आहे. मला विचारते, मुलगी उठली असेल का? झोपेतून उठली आणि मी दिसले नाही तर रडून घर डोक्यावर घेते, म्हणाली." बाई थांबली. "लहान आहे का हो तिची मुलगी? मग कशाला ठेवता तिला इतक्या उशिरापर्यंत?"

नवऱ्यानं दुर्बीण पुसता पुसता मान वर केली. "कुठली बाई?" तो म्हणाला. "तू दाराशी बोलत होतीस. मला वाटलं, फोनवर आहेस."

चलाहो एवढंच म्हणाला, "हो. एक मुलगी आहे तिला." मग तो उठून बाहेर आला आणि भांडी घासायच्या मोरीशी जाऊन उभा राहिला, कारण तिथे नळाचा आवाज असतो आणि माणूस रडतोय की तोंड धुतोय ते कुणाला कळत नाही.

पळून जाणारी बाई हाकेची वाट बघत दारात उभी राहत नाही. इतकी वर्षं जी गोष्ट त्यानं गाठ मारून ठेवली होती ती त्या एका शब्दानं सुटली. 'आमचे.' चारचौघांत ती त्याला असंच म्हणायची. मग टोपली का नव्हती?

थोरली आता धुण्याच्या खोलीत असायची, चादरींच्या घड्या घालत. तिचे गुडघे गेले होते, तरी हात चालायचे. दुपारी चलाहो दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, जरा घुबडापर्यंत चला."

"कशाला?"

"तुमची टोपली तिथे आहे."

थोरलीच्या हातातली घडी अर्ध्यावर राहिली. "कुठली टोपली?"

"वेताची. निळी चिंधी लावलेली."

तिनं घडी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "ती टोपली मी त्याच आठवड्यात चुलीत घातली, भावजी. बघवत नव्हतं तिच्याकडे. माझ्या हातानं जाळली."

दोघं उतरले. टळटळीत दुपार होती, पण ओढ्याच्या बाजूला झाडी अशी दाट की खाली ऊन पोचतच नव्हतं. त्यानं कुलूप काढलं. आत कोंदट वास, भिंतींना बुरशी, खुर्च्यांचा ढीग, गाद्यांचा ढीग. मधोमध पलंग मात्र मोकळा होता. वरच्या खुर्च्या कुणीतरी नीट उतरवून भिंतीला लावल्या होत्या. पलंगावर पांढरी चादर. उजवी बाजू ताणून खोचलेली, कोपरा लखोट्यासारखा. डावी बाजू जमिनीपर्यंत लोंबत होती.

थोरलीनं दाराची चौकट धरली.

"तिची बाजू झालीय," ती म्हणाली. "माझी राहिलीय."

मग ती बोलायला लागली. मुकाट बाई, पण त्या दुपारी बोलली. म्हणाली, "माझी कंबर धरली होती त्या दिवशी. म्हटलं, पाहुणे उद्या यायचेत, माझी बाजू सकाळी खोचते. तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, आले. ऊन होतं अजून, म्हणून मी बाहेर येऊन टोपली उचलली नि चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहीन? मागे पावलं वाजत होती की. मी बोलत होते तिच्याशी, भावजी. आपल्या पोरीला दात येतायत, त्याचं बोलत होते. ती गप्प होती, तर मला वाटलं, चला, आज हिला दम लागलाय. घराच्या दारात वळून पाहिलं तर कोणी नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"वाटलं तेच सांगितलं. माझ्या मागंच होती. खोटं नव्हतं ते, मला तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वाटेना. कळलं, की जोडीचं काम अर्धं टाकून मी टोपली उचलली. आत बाई असताना. असं कुणी करत नाही. मागे ऊन उतरलं, आणि ती आत हाकेसाठी थांबली असणार. पण तोवर तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होतात, टोपली नव्हती. आणि मग ते गाडीचं निघालं. माझी जीभ उचलेना. नंतर जितके दिवस गेले तितकी ती जड होत गेली."

चलाहोला राग आला का? आला. असा आला की काठीवरची मूठ पांढरी पडली. या बाईनं एक वाक्य बोलायचं होतं. एकच. त्याच्या मुलीला आई मिळाली असती, मेलेली का होईना, पण आपली. त्यानं तोंड उघडलं, आणि मग त्याला ती दुसरी गोष्ट दिसली, जिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो या दारावरून गेला होता. या पायरीपासून हातभर अंतरावरून. त्याच्या पावलांचा आवाज आत गेला असणार, बॅटरीचा उजेड फटीतून फिरला असणार. धाकटी उठली असणार, पदर सारखा केला असणार. आणि तो थांबला नाही. मग पोरगी उठेल म्हणून ती अंधारात एकटीच निघाली असणार. ओढ्याच्या कडेनं.

त्यानं काठी भिंतीला टेकवली.

थोरली पलंगाशी गेली. गुडघे दुखत असताना खाली बसली. लोंबणारी चादर तिनं ओढली, तर ती सरळ आली, पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखी. तिनं गादी उचलून चादर आत खोचली, कोपरा घातला. तिला तो कधीच धाकटीसारखा जमला नव्हता, आजही जमला नाही. मग पलंगाच्या उजव्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं, तिथे चादरीवरची एक बारीक सुरकुती आपोआप सपाट झाली. हात फिरवल्यासारखी. दोघांनीही ते पाहिलं. आणि अगदी हलकं, समाधानाचं, 'हं' ऐकू आलं.

थोरली तोंडात पदर कोंबून बाहेर आली. त्यानं दार नुसतं लोटलं. कुलूप लावलं नाही.

त्या संध्याकाळी त्यानं चक्कर उलट्या बाजूनं मारली. आधी वरच्या बायकांना पोचवलं, त्या कुरकुरल्या, की आज एवढी घाई कसली. मग तो एकटा खाली गेला. टोपली पायरीवर होती. रातकिडे गप्प होते. ओढ्याचं पाणी वाहत होतं, पण त्याचाही आवाज कुणीतरी हातानं दाबून धरल्यासारखा.  एक मन म्हणत होतं, अरे, पिशवी भरलेली आहे, उद्याची गाडी पकड आणि जा.

त्यानं काठी पायरीवर दोनदा आपटली.

"चला हो."

काहीच झालं नाही. त्यानं घसा साफ केला. बायकोला नावानं हाक मारायची त्यांच्यात पद्धत नव्हती, आणि 'चला हो' ही तर साऱ्या जगाला द्यायची हाक. तो दाराच्या अगदी जवळ गेला.

"चल गं," तो म्हणाला. "उशीर झाला मला. चल, पोरगी उठेल."

दार आत ओढलं गेलं. ओसरीची पहिली फळी करकरली. मग दुसरी. मग पायरी. त्याच्या अंगावरून ओढ्याच्या पाण्यासारखा गारवा गेला आणि पायवाटेवर जाऊन थांबला. त्यानं टोपली उचलली. रिकामी दिसत होती, पण ओल्या चादरी भरल्यासारखी जड लागली. टोपली खरं तर बाईनं उचलायची. आज त्यानं घेतली.

मग तो रीतीप्रमाणे मागे राहून चालू लागला. बॅटरीचा उजेड पुढे, रिकाम्या दगडांवर. तो त्या उजेडाच्या पुढे जात नव्हता. धाकटीची पावलं लहान, त्या बेतानं तोही लहान पावलं टाकत होता. वर आलेल्या मुळाशी ती नेहमी साडी उचलून थांबायची. तिथे त्याचा पाय आपोआप थांबला आणि मग पुढे निघाला. रातकिड्यांचा आवाज पुढे पुढे बंद पडत होता आणि त्यांच्या मागे पुन्हा सुरू होत होता. एकदा डावीकडच्या झाडीत काहीतरी जड अंग हललं. त्यानं काठी पुढे धरली. "मी आहे," तो म्हणाला. "तू चाल."

खोल्यांचे दिवे दिसले तेव्हा पुढचा गारवा एकदम लांब गेला. त्याला हसू आलं आणि रडूही. शेवटचा तुकडा ती नेहमी पळतच जायची, पोरीच्या ओढीनं. "अगं, हळू," तो म्हणाला आणि धापा टाकत स्वतःही पळाला.

थोरली दारात उभी होती. तिनं त्याला येताना पाहिलं, हातातली टोपली पाहिली, त्याच्या पुढची मोकळी वाट पाहिली. ती चौकटीला चिकटून बाजूला झाली.  आतला दिवा फडफडला. मग थोरलीनं डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, "आता तुम्ही या."

त्यानं टोपली आपल्या घराच्या पायरीवर ठेवली आणि तो आत गेला.

जरा वेळानं मुलीचा फोन आला. "बाबा, कधी निघताय? खरं सांगा."

"उद्या," तो म्हणाला. त्यानं दारातून पायरीवरच्या टोपलीकडे पाहिलं. "तुझ्या आईला घेऊन येतो."

 बापाच्या तोंडून तो शब्द तिनं कळत्या वयात कधी ऐकलाच नव्हता. मग ती म्हणाली, "आई गेली होती ना, बाबा? सोडून?"

"नाही गं. कुठंच गेली नव्हती. आम्हीच आणायला गेलो नव्हतो."

झोपण्याआधी थोरली रोजच्यासारखी बाहेर आली. दोरीवरचे कपडे काढायचे, बादली आत घ्यायची, पायरीवर राहिलेलं काहीबाही उचलायचं, हे तिचं ठरलेलं काम. तिनं कपडे काढले. बादली आत घेतली. पायरीशी आली तेव्हा टोपली बरोबर मधोमध होती, पाय ठेवायला जेमतेम जागा होती. ती वाकली. निळ्या चिंधीवर तिचा हात गेला. मग तिनं तो मागे घेतला, भिंतीला धरून, दुखऱ्या गुडघ्यानं कडेकडेनं पायरी चढली आणि आत गेली. टोपली तिनं उचलली नाही.